पिटकेर्नची माणसं जहाजावर येतात तेव्हा: एका थांब्याचं प्रकरण

सकाळी सव्वासहाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातून, फोन आला. पिटकेर्न बेटाच्या बाउंटी बे या उपसागराच्या बाजूला लाटा फार उसळताहेत, जहाज वळसा घालून बेटाच्या आडोशाला जाईल, त्यामुळे बेटावरच्या लोकांची बोट तासभर उशिरा पोचेल. आम्ही चौघंजण तेव्हा पाचव्या डेकवरच्या लाउंजमध्ये टेबलं मांडत होतो. बेटवाले तिथे आपल्या वस्तू विकणार होते. बाजाराची वेळ नऊ ते बारा, असा छापील कागद आदल्या रात्रीच प्रत्येक केबिनमध्ये गेला होता. साडेबाराला जेवण, एक वाजता प्रस्थान. एका तासाच्या उशिराने तो सगळा दिवस विस्कटला. समुद्रावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं आणि त्या दिवशी बहुतेकांनी तेच केलं. पण मी रात्री डायरी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की समुद्राने घेतला तो एक तास. बाकीचं आम्ही घालवलं.

मी तेव्हा जहाजाच्या पाहुणे-सेवा विभागात होते. रिसेप्शनचं काउंटर, प्रवाशांचे हिशेब आणि असे किरकोळ कार्यक्रम आमच्याकडे असायचे. जहाजाचं आणि कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. कोविडच्या काळात बंद झालेलं बेट 2022 मध्ये पुन्हा उघडलं, त्यानंतरचा हा प्रवास. रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंड, तिथून ताहितीकडे. हजाराच्या आसपास प्रवासी. दोन्ही टोकांपासून साधारण दोन-दोन हजार किलोमीटरवर मध्येच पिटकेर्न हे दक्षिण प्रशांत महासागरातलं ब्रिटिश बेट लागतं, आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बंडखोरांच्या वंशजांना भेटा’.

त्या ओळीपासूनच सुरुवात करते.

बंडाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. 28 एप्रिल 1789 ला ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झालं, कप्तान ब्लाय याला एका छोट्या होडीत सोडून देण्यात आलं, आणि फ्लेचर ख्रिश्चन काही साथीदारांसह लपायला जागा शोधत निघाला. जानेवारी 1790 मध्ये ते पिटकेर्नला पोचले आणि मागमूस राहू नये म्हणून जहाज तिथेच जाळून टाकलं. बंडखोर होते नऊ. पण त्या जहाजातून सहा पॉलिनेशियन पुरुष, डझनभर स्त्रिया आणि एक तान्ही मुलगीही उतरली होती. स्त्रियांपैकी बऱ्याच जणींना फसवून किंवा जबरदस्तीने आणलेलं होतं. पुढच्या काही वर्षांत पुरुषांनी एकमेकांचे जीव घेतले. 1808 मध्ये ‘टोपाझ’ हे अमेरिकी जहाज योगायोगाने तिथे पोचलं, तेव्हा बंडखोरांपैकी जॉन अ‍ॅडम्स एकटा जिवंत होता. बाकी सगळ्या बायका आणि मुलं. ही वस्ती जगली, वाढली, शेती करू लागली, झाडाच्या सालीचं तापा कापड बनवू लागली, ते त्या बायकांमुळे. आजही बेटावर बोलली जाणारी पिटकेर्न भाषा अठराव्या शतकातली इंग्रजी आणि ताहितीची भाषा यांच्या मिश्रणातून आलेली आहे. आमच्या छापील ओळीने या सगळ्या आज्या-पणज्या पुसून टाकल्या होत्या. आणि आम्हाला ते जाणवलंही नव्हतं.

बोट साडेनऊच्या सुमाराला दिसली. अ‍ॅल्युमिनियमची लांबोडी, इंजिनाची. पूर्वी याच बांधणीच्या लाकडी लाँगबोटी होत्या. पिटकेर्नला जहाज लागेल असा धक्का नाही, विमानतळ तर नाहीच. बेटावर येणारं आणि बेटावरून जाणारं जवळजवळ प्रत्येक माणूस, पोतं, पत्र या बोटींतूनच जातं. आमच्याएवढ्या जहाजाच्या प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बेटच जहाजावर येणार होतं. मी जहाजाच्या बाजूच्या खालच्या दारापाशी उभी होते. खाली बोट आठ-दहा फूट वर उचलली जायची आणि तितकीच खाली जायची. दारातून दोरशिडी सोडलेली. बोट लाटेच्या माथ्यावर आली की एक माणूस शिडी पकडायचा आणि बोट खाली जाण्याआत दोन पायऱ्या चढून जायचा. क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर चालत नाही. साठीच्या पुढची एक बाई आली. तिने पाठीला लावलेली पिशवी सारखी केली, लाटेकडे एकदा पाहिलं, आणि बोट वर येताच शिडी धरून अशी सहज चढली, की वरच्या आमच्या सुरक्षारक्षकाने पुढे केलेला हात तिला लागलाच नाही. दारात आल्यावर तिने मला "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि लगेच वळून खालून येणारे प्लॅस्टिकचे डबे दोरीने वर ओढायला लागली. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली लालसर लाकडाचा भुसा होता.

एकूण तीसेक जण वर आले. बेटाची लोकसंख्या पन्नासच्याही आत आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त बेट आमच्या पाचव्या डेकवर होतं. मागे राहिले ते म्हातारे, लहान मुलं आणि रेडिओजवळ बसलेलं कुणीतरी.

त्यांनी दुकानं लावली ती बघण्यासारखी होती. आम्ही टेबलं ओळीत मांडली होती. त्यांनी न विचारता ती फिरवून घोड्याच्या नालेसारखी केली, म्हणजे लोक एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतील. पांढरी चादर, तिच्यावर लाकडी शार्क, डॉल्फिन, कासवं, पक्षी, बाउंटीच्या प्रतिकृती. केतकीच्या जातीच्या पानांच्या विणलेल्या टोपल्या. मधाच्या बाटल्या. टी-शर्ट. एका टेबलावर टपाल तिकिटं. 1940 पासून पिटकेर्न स्वतःची तिकिटं काढतं आणि बराच काळ बेटाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातूनच येत होता. शेवटच्या टेबलावर पासपोर्टवर मारायचा शिक्का. दहा मिनिटांत सगळं उभं.

इतकी सफाई कुठून आली, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. 1914 मध्ये पनामा कालवा सुरू झाला आणि पनामा ते न्यूझीलंड या जलमार्गावर पिटकेर्न अचानक वाटेत आलं. प्रवासी बोटी बेटापाशी तास-दोन तास थांबू लागल्या. गावातली घंटा पाच वेळा वाजली की जहाज दिसलं असा अर्थ. सगळे हातातलं काम टाकून होड्यांकडे धावत. फळं, टोपल्या, कोरीव लाकूड घेऊन ते डेकवर चढत आणि पीठ, कापड, अवजारं, पैसे घेऊन उतरत. त्या भरभराटीच्या काळात, 1937 मध्ये, बेटावर 233 माणसं होती. हा आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही. विमानं आली, प्रवासी बोटी बंद पडल्या, तरुण न्यूझीलंडला गेले. आज बेटाचा खर्च मुख्यतः ब्रिटनच्या मदतीवर चालतो, आणि हंगामात येणारी मोजकी क्रूझ जहाजं म्हणजे घरात थेट रोख पैसा येण्याची संधी. आम्हाला वाटत होतं, की हा आमच्या प्रवाशांसाठी आखलेला करमणुकीचा कार्यक्रम आहे. त्यांच्यासाठी ती शंभर वर्षांची पेठ होती आणि नवखे आम्ही होतो.

आता जिथे खरं बिघडलं तिथे येते.

क्रूझ जहाजावर कुणी खिशात पैसे बाळगत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं, सही करायची, शेवटच्या दिवशी हिशेब. बेटवाल्यांना मात्र रोख हवी होती, अमेरिकी किंवा न्यूझीलंडचे डॉलर. न्यूझीलंडचा डॉलर हेच त्यांचं चलन. बाजार सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच माझ्या रिसेप्शनसमोर रांग लागली, ती जिन्यापर्यंत. सगळ्यांना नोटा हव्या होत्या, त्याही लहान. आमच्या तिजोरीत मोठ्या नोटा होत्या, आणि रापा नुईच्या थांब्यासाठी घेतलेले चिलीचे पेसो, ज्यांचा आता काही उपयोग नव्हता. पावणेअकराला लहान नोटा संपल्या. मी काउंटरवर ‘सुटे पैसे नाहीत’ अशी पाटी लावली. ती पाटी लावताना मला फक्त रांग कमी झाल्याचं बरं वाटलं, हे आठवलं की अजून अस्वस्थ होतं. रांगेतून परत गेलेल्या प्रत्येक माणसामागे वर एक शार्क, एक टोपली विकायची राहून जात होती.

त्यात वेळ कमी. एकला निघायचं तर पाहुणे साडेबारापर्यंत उतरले पाहिजेत, म्हणजे साडेअकरापासून आवराआवर. नऊ ते बाराचे तीन तास जेमतेम पावणेदोन तासांवर आले. जेवणाची वेळ अर्धा तास पुढे ढकलावी असं माझ्या वरिष्ठांना मी सुचवलं. उत्तर मिळालं, की स्वयंपाकघराचं वेळापत्रक बदलता येत नाही. सकाळी बोट उशिरा येणार हे कळल्यावर सव्वासहालाच ठरवलं असतं तर नक्की बदलता आलं असतं. पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते वेळापत्रक बाजारापेक्षा कमी महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

आणि खुर्च्या. पहाटेपासून जागी असलेली, तासभर लाटांवर बसून आलेली, दोरशिडी चढलेली माणसं टेबलांमागे उभी होती, कारण आम्ही टेबलं दिली आणि खुर्च्या दिल्याच नाहीत. अकरा वाजता वेटरच्या ते लक्षात आलं. त्याने स्वतःहून पाणी आणि सँडविच आणून ठेवली. आमच्या नियोजनात पाहुणे हा शब्द फक्त तिकीट काढलेल्यांसाठी होता.

टेबलांपाशी जे झालं त्यातले दोन प्रसंग लिहिते, कारण पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग होईल.

पहिला घासाघिशीचा. एका प्रवाशाने हातभर लांबीचा शार्क उचलला, उलटासुलटा केला आणि किंमत निम्मी करायला सांगितली. टेबलामागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हे मिरोचं लाकूड आहे. हेंडरसनहून आणलंय." प्रवाशाला त्यातून काही बोध झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. हेंडरसन हे त्याच समूहातलं निर्मनुष्य बेट, जवळजवळ दोनशे किलोमीटर दूर. पिटकेर्नवर मिरोची झाडं फारशी उरली नाहीत, म्हणून माणसं तिथवर बोटीने जातात, प्रवाळाच्या धारदार खडकांतून लाकूड काढतात, लाटांतून बोटीत चढवतात आणि परत येतात. मग कोरणं, घासणं, पॉलिश. हेंडरसन 1988 पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकचे सुमारे 3 कोटी 77 लाख तुकडे असल्याचा अंदाज होता. तिथे माणूस राहत नाही. तो कचरा आपण सगळ्यांनी समुद्रातून पाठवलेला आहे. हे सगळं त्या शार्कमध्ये होतं. आदल्या संध्याकाळी जहाजावरच्या व्याख्यानात बंडावर पाऊण तास बोललं गेलं, मिरोवर एक मिनिटही नाही. माहिती नसलेला माणूस घासाघीस करणारच. त्याला माहिती देणं हे आमचं काम होतं.

दुसरा प्रसंग जास्त बोचरा. टोपल्यांच्या टेबलापाशी एका प्रवाशाने, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, बेटावरच्या ‘त्या खटल्यांबद्दल’ विचारलं. 2004 मध्ये पिटकेर्नवर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालले. सात जणांवर आरोप होते, सहा जण दोषी ठरले. ते घडलं, ते कोर्टात सिद्ध झालं, आणि त्याबद्दल बोलू नये असं मी अजिबात म्हणत नाही. पण इतक्या लहान वस्तीत टोपल्या विकणारी बाई कोण असेल, याचा विचारणाऱ्याने क्षणभर तरी विचार केला का? ज्यांनी भोगलं त्यांच्यापैकी ती असू शकते, किंवा त्यांची आई, बहीण. तिने प्रश्न ऐकला, हातातली टोपली नीट ठेवली आणि म्हणाली, "मी इथे टोपल्या विकायला आले आहे." मी तीन पावलांवर होते. मध्ये पडून त्या गृहस्थांना बाजूला न्यायला हवं होतं. प्रवाशाला काही म्हणायचं म्हणजे तक्रार येणार, ही भीती माझ्या पायात अडकली. या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच, पैशांची नव्हे.

थोड्या वेळाने शिडी चढताना पाहिलेली ती साठीपुढची बाई माझ्याजवळ आली. तिच्या हातात आमची कार्यक्रमपत्रिका होती. तिने ‘बंडखोरांच्या वंशजांना’ या शब्दांवर बोट ठेवलं. रागावलेली नव्हती. म्हणाली, "आमच्या आज्यांनी कुठलंही बंड केलं नव्हतं. पुढच्या वेळी ‘पिटकेर्नच्या लोकांना’ एवढं लिहिलंत तरी पुरे." मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, जहाजावरच्या नोकरांना खरेदीला कधी सोडणार? त्यांना वेळच नाही, असं मला सांगावं लागलं. खलाशी, स्वयंपाकी, केबिन झाडणारी मुलं यांच्यापैकी कितीतरी जणांना घरी न्यायला काहीतरी घ्यायचं होतं. नियमाप्रमाणे त्यांची पाळी प्रवाशांनंतर, आणि प्रवाशांनंतर वेळ उरलीच नाही. ती म्हणाली, नोकर लोक घासाघीस करत नाहीत, आणि लाकूड हातात घेऊन बराच वेळ बघतात.

बाराला डबे पुन्हा भरले गेले. कितीतरी डबे आले तेवढेच जड खाली गेले. स्टोअरमधून त्यांनी आधी कळवलेलं पीठ, गोठवलेलं सामान आणि आइस्क्रीमची मोठी खोकी बोटीत उतरवली. बोट सुटली, पण लगेच बेटाकडे वळली नाही. जहाजाच्या बाजूला थांबून सगळ्यांनी निरोपाचं गाणं म्हटलं, दोन-तीन आवाजांत, इंजिनाच्या आवाजावरून. हीही जुनी रीत. 1887 च्या सुमारास बेटाने सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला, आणि प्रार्थनागीतं तिथे सगळ्यांना पाठ असतात. कठड्यावर पाच-सहाशे माणसं शांत उभी होती.

ताहितीला पोचेपर्यंत मी चार पानी अहवाल लिहिला. अशा थांब्यांची तयारी करणाऱ्यांना त्यातला सार सांगते. रोख पैशांची व्यवस्था आदल्या बंदरातच व्हावी, किंवा प्रवाशांनी केबिनच्या खात्यावर खरेदी करावी आणि जहाजाने बेटाला एकरकमी पैसे द्यावेत. यातला दुसरा पर्याय मला जास्त पटतो, कारण त्यात सुट्या पैशांचा प्रश्नच येत नाही. बोट उशिरा आली तर जेवण सरकेल, बाजार कापला जाणार नाही, हे आधीच लेखी ठरलेलं असावं. पहिला अर्धा तास कर्मचाऱ्यांना. मध पुढच्या बंदरात उतरवता येतो की नाही, हे विकत घेण्याआधी प्रवाशांना सांगावं. आम्हाला त्या दिवशी हे विचारणारे वीसेक जण आले आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. थांबा शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी येत असेल तर बेटाला आधी विचारावं, कारण अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरेत तो शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यात खरेदी-विक्री बसत नाही. व्याख्यान लाकडावर, बोटींवर आणि त्या बायकांवर असावं. खटल्यांची माहिती त्याच व्याख्यानात सरळ द्यावी, म्हणजे प्रवाशाला ती टेबलापाशी विचारावीशी वाटणार नाही. आणि खुर्च्या.

आश्चर्य म्हणजे बहुतेक सगळं मान्य झालं. पुढच्या हंगामात मी त्याच मार्गावर होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘पिटकेर्नचे लोक जहाजावर येत आहेत’ असं छापलं. लहान नोटांच्या दोन पेट्या तिजोरीत होत्या. तीस खुर्च्या मी स्वतः मोजून टेबलांमागे लावल्या, घोड्याच्या नालेसारख्या.

त्या सकाळी लाटा आदल्या वर्षीपेक्षाही मोठ्या होत्या. बाउंटी बेमध्ये पांढरा फेस सोडून काही दिसत नव्हतं. पश्चिमेच्या बाजूलाही तेच. कप्तानाने दोन तास वाट पाहिली, मग बेटाभोवती एक सावकाश फेरी घातली. अ‍ॅडम्सटाउनकडे, म्हणजे बेटावरच्या एकमेव गावाकडे, चढणाऱ्या तांबड्या वाटेवर माणसं उभी होती, काहीजण चार चाकांच्या क्वाड बाइकवर बसलेले, मागे डबे बांधलेले. मी ब्रिजवर गेले होते. रेडिओवर आवाज आला, बाईचाच. बोट काढता येणार नाही म्हणाली, वाईट वाटतं म्हणाली. पुढचं जहाज कधी आहे, असं कप्तानाने विचारलं. सात आठवड्यांनी, असं उत्तर आलं. मग तिने विचारलं, "गेल्या वर्षी पैशांच्या काउंटरवर होती ती मुलगी आहे का जहाजावर?" कप्तानाने माइक माझ्या हातात दिला. मी तिला सांगितलं, की या वेळी खुर्च्या लावल्या आहेत.

"किती?" तिने विचारलं.

"तीस."

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बसू."